आखूड 'बघू'

माझ्या 'बघू'चे तीन प्रकार आहेत, असं आमची ही म्हणते. मी आपला एकच शब्द बोलतो, पण घरातल्यांनी त्याचा कोश तयार केलाय. तोडून टाकलेलं, आखूड 'बघू' म्हणजे हो. शेवट ओढलेलं 'बघूऽ' म्हणजे नाही. आणि 'बघू, बघू' असं दोनदा म्हणालो की विषय संपला. पुन्हा काढलात तर मी पेपर तोंडासमोर धरतो. लेक चार-पाच वर्षांची असल्यापासून हे सगळं ओळखते. संध्याकाळी आइस्क्रीम आणायचं का म्हणून विचारायची, मी आखूड 'बघू' म्हणायचो, आणि ती सरळ स्वयंपाकघरात जाऊन वाट्या काढून ठेवायची.

साधं 'हो' मला म्हणता येत नाही. हा दोष नोकरीचा आहे. सरकारी खात्यात चौतीस वर्षं मी पूल तपासले. पुलाखाली उतरायचं, खांबाच्या बुडाशी किती माती वाहून गेली ते बघायचं, मान वर करून भेगा शोधायच्या, हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा आणि शेरा लिहायचा. वर कठड्याशी गावातली माणसं जमलेली असायची. कोणीतरी हमखास विचारायचं, "साहेब, पूल चांगला आहे ना?" चांगला आहे असं सांगून मोकळा होणारा माणूस त्या खात्यात टिकत नाही. उद्या नदीला किती पाणी येईल, वरून कोण किती वजनाचा ट्रक घेऊन जाईल, कोणी सांगावं? मी 'बघू' म्हणायचो आणि कागदावर लिहायचो, 'तूर्त वाहतुकीस हरकत नाही.' या एका वाक्यावर माझा संसार झाला.

मागच्या हिवाळ्यात लेकीनं सांगितलं की तिच्या ऑफिसातल्या एका मुलाशी तिला लग्न करायचंय. मुलगा आधी दोनदा घरी येऊन गेला होता, तेव्हा नुसता मित्र म्हणून. मूळचे यवतमाळकडचे, वडील तीस वर्षांपूर्वी कारखान्यात नोकरीला लागले म्हणून इकडे आले, घर विश्रांतवाडीला. शनिवार पेठेतल्या माणसाला विश्रांतवाडी हेच परगाव, तिथे यवतमाळ म्हणजे विचारूच नका. पण मुलगा मला आवडला होता. पहिल्या भेटीत मी त्याला पुलाचं वजन खांबांवर कसं उतरतं ते तासभर समजावलं होतं. दुसऱ्या भेटीत त्यानं त्यावर एक शंका विचारली, आणि शंका बरोबर होती. तो गेल्यावर ही म्हणाली, "नाटक करतोय, सासऱ्याला खूश करायला." मी म्हटलं, "नाटक करायलाही अक्कल लागते." म्हणजे माझं मन तेव्हाच ठरलेलं होतं. फक्त ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात?

मग दोन्ही घरांनी भेटायचं कुठे, यावरून आठवडाभर चर्चा झाली. लेकीनं आधीच जाहीर केलं होतं, "कांदेपोहे नाहीत, ट्रे नाही, मी साडी नेसून बाहेर येणार नाही." आम्ही त्यांच्याकडे जायचं की त्यांनी आमच्याकडे यायचं, हा प्रश्न वेगळाच. शेवटी त्या दोघांनी परस्पर काय केलं, तर कोकणातल्या एका खाडीवर बोटीची फेरी ठरवली. सकाळी लवकर निघायचं, दोन तास खाडीत फिरायचं, मगरी बघायच्या, समुद्रावरचे पक्षी बघायचे, जेवून परत. ही म्हणाली, "सोयरीक जुळवायला मगर लागते, हे आमच्या वेळी नव्हतं." मीही कुरकुर करणार होतो, तेवढ्यात लेक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, त्या खाडीवर तीन पूल आहेत. एक जुना दगडी आहे, कमानींचा. बोट त्याच्या खालून जाते. मी मुद्दाम तीच बघितली." यावर काय बोलणार? मी आखूड 'बघू' म्हणालो आणि ती हसत फोन करायला गेली.

ताम्हिणीतून उतरताना गाडीत फार छान चाललं होतं. मुलगा गाडी चालवत होता, शेजारी त्याचे वडील. तेव्हा ते माझे व्याही झाले नव्हते, पण इथे त्यांना दुसरं काय म्हणू? उंच, सावळे, कानावर पांढरे केस, आणि बोलताना माणसाकडे पूर्ण वळून बोलायची सवय. विहीणबाई मागे आमच्या हिच्या शेजारी. त्यांच्या मांडीवर नॅपकिनात बांधलेला मोठा स्टीलचा डबा होता आणि पायाशी पिशवी. त्या निघाल्यापासून बोलत होत्या आणि ऐकायला बरं वाटत होतं.

"डब्यात काय आहे?" हिनं विचारलं.

"सांबारवडी. पहाटे उठून केली."

"सांबारात बुडवून खायची का?" मी विचारलं.

विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना डबा धरावा लागला. "अहो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर."

"मग कोथिंबीरवडी म्हणा की."

"ती तुमची वेगळी. ही खाऊन तर पाहा. सोबत कढी आणली थर्मासमध्ये, अन् कढीला सहा वाट्या. बोटीत बसलं की उघडू."

मला ती बाई एकदम पसंत पडली. लेकीकडे बघितलं तर ती खिडकीतून बाहेर बघत होती, पण तिचा गाल हसत होता. तिला एवढी खूश मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

खाडीवर पोचलो तेव्हा भरती नुकती सुरू झाली होती. धक्का कसला, शेवाळलेल्या दगडी पायऱ्या. खाली इंजिनाची लाकडी बोट, वर लोखंडी नळ्यांवर ताणलेलं निळं कापड. नाखवा साठीला टेकलेला, हाफ पँटीतला, कमी बोलणारा माणूस. आमच्या पुणेरी चपला बघून म्हणाला, "काढा त्या. पाय घसरल्यावर काढण्यापेक्षा आधी काढलेल्या बऱ्या." म्हटलं, हा आपल्याच जातकुळीचा दिसतोय. सगळे एकेक करून चढले. मी शेवटचा. व्याह्यांनी बोटीतून मला हात दिला. माझा एक पाय पायरीवर, एक बोटीच्या काठावर. आणि नेमकं त्याच वेळी, माझा हात हातात घेऊन, चेहरा पूर्ण माझ्याकडे वळवून त्यांनी विचारलं, "मग साहेब, आपलं पक्कं समजायचं न?"

माणसानं ठरवूनच तो क्षण निवडला असणार. हातात हात होता, सगळे समोर होते. चांगला होता क्षण. मी माझं नेहमीचं, आखूड, 'बघू' म्हणायला तोंड उघडलं आणि बोट सरकली. कंपासपेटीतल्या कर्कटकासारखे माझे पाय फाकत गेले. तोंडातून जो शब्द बाहेर पडत होता तोही पायांबरोबर लांबत गेला. "बघूऽऽऽ."

व्याह्यांनी मला ओढून आत घेतलं. बाकावर बसवलं. गुडघ्याला लागलेलं शेवाळ स्वतःच्या रुमालानं पुसलं. मी म्हटलं, "थोडक्यात वाचलो." ते म्हणाले, "हाव, बसा निवांत." आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले.

मला काही म्हणजे काही कळलं नाही. पाण्यात पडता पडता वाचलेल्या माणसाला आपण कोणत्या सुरात बोललो याचा हिशेब राहत नाही. मी आपला रंगात. पहिला पूल आला तो रेल्वेचा, आभाळात चढवल्यासारखा उंच. मी त्याचे खांब का तसे निमुळते आहेत ते सांगितलं. कोणी हूं की चूं केलं नाही. दुसरा पूल महामार्गाचा, नवा. त्याच्या एका खांबाला मला पाण्याचे ओघळ दिसले, त्यावर मी बरंच बोललो. व्याही अधूनमधून मान हलवत होते, पण ती मान सभ्यपणाची होती. विहीणबाई, ज्या घाटभर बोलत होत्या, त्या आता पाण्याकडे बघत होत्या. डबा मांडीवरून उतरून पिशवीत गेला होता आणि पिशवी बाकाखाली. आमची ही माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर ती एरवी दूध उतू गेल्यावर वापरते. आणि लेक पार पुढे, बोटीच्या टोकाशी, आमच्याकडे पाठ करून बसली होती. मुलगा तिच्या शेजारी, पण दोघांच्या मध्ये हातभर जागा.

मला वाटलं, बोट लागली असेल सगळ्यांना. घाटातली वळणं, वर हे डिझेलचं इंजिन. मग वाटलं, पोरांचं काहीतरी भांडण झालं असेल. मग मात्र मला राग यायला लागला. बोटीमागे कुरव पक्ष्यांचा थवा लागला होता, ज्यांना हल्ली सगळे सीगल म्हणतात. पांढरेशुभ्र, पंख न हलवता आमच्याबरोबर येत होते. वर विटकरी रंगाची ब्राह्मणी घार घिरट्या घालत होती. काठच्या चिखलात निवट्या मासे चक्क पायांवर चालल्यासारखे उड्या मारत होते. एवढं सगळं समोर फुकट मांडलेलं, आणि ही मंडळी मयताला आल्यासारखी बसलीत. एवढ्या लांब येऊन तोंडं पाडून बसायचं होतं तर विश्रांतवाडी काय वाईट होती?

मी नाखव्याशी बोलायला लागलो. निदान तो तरी उत्तरं देत होता. तिसरा, दगडी पूल कधी येणार विचारलं. "मगरी झाल्या की परतीच्या वाटेवर, आतल्या फाट्यानं," तो म्हणाला. "पण तोवर भरती चढेल. छप्पर पाडून, माना घालून जावं लागेल."

तेव्हा व्याही म्हणाले, "साहेब, एक विचारू?"

"विचारा की."

"तुम्ही नोकरीत पूल तपासत होते. एखादा पूल बाद करायचा असला तर लोकांना कसं सांगत होते?"

मला बरं वाटलं. अखेर कोणीतरी कामाचं विचारलं. मी म्हटलं, "सरळ सांगायचो. त्यात आडपडदा नाही. कठड्यावर लाल फुली मारायची आणि दोन्ही तोंडांना दगड लावायचे. लोकांचा जीव असतो त्यात."

ते अगदी शांतपणे म्हणाले, "मग आम्हालाही सरळ सांगायचं होतं न."

"काय सांगायचं?"

"मुलगा नापसंत आहे म्हणून. वाईट नसतं वाटलं. म्हणजे वाटलं असतं, पण समजलं असतं. आमच्याकडे 'पाहू' म्हणतात. पोरीकडच्यांनी ओढून 'पाहूऽ' म्हटलं की आम्ही चहा संपवून उठतो. इथे उठायला जागा नाही, म्हणून बसून राहिलो."

मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, "असे काय बघताय? तुम्हीच लांबवलंत."

"मी कुठे लांबवलं? माझा पाय सरकला."

"पाय सरकला तर माणूस 'अगं आई' म्हणतो."

"अहो, मी 'बघू' म्हणालो म्हणजे हो म्हणालो," मी व्याह्यांना सांगितलं. आणि माझं मलाच ऐकू आलं की हे जगात कोणालाही पटणार नाही.

विहीणबाई पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या. "मग तुम्हाला 'हो' म्हणायचं असलं तर काय म्हणता?"

पुण्यात जन्म गेला, कोणाला उत्तर दिलं नाही असं या बोटीपर्यंत झालं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. पुढे लेकही वळली होती. तिचे डोळे लाल होते, आणि ते वाऱ्यानं झालेले नव्हते. म्हणजे तीसुद्धा तासभर हेच धरून बसली होती. जी माझं आखूड-लांब लहानपणापासून ओळखते, तिनंही ऐकलं होतं आणि तिनंही नाही असंच धरलं होतं. वर मला काही विचारायलाही आली नव्हती. बाबांनी एकदा ओढून सांगितलं म्हणजे संपलं, हे मीच तिला शिकवलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "एकदा फक्त साधं सांगा."

देवाशपथ सांगतो, मला 'हो' म्हणायचं होतं. पण चौतीस वर्षांची सवय तोंडात आधी आली. "माझी तूर्त काही हरकत नाही."

"तूर्त?" लेक म्हणाली.

"म्हणजे तसं नाही. म्हणजे..."

"शूऽ," नाखवा म्हणाला आणि त्यानं इंजिन बंद केलं. "आता कोणी बोलायचा नाय. समोर बघा."

डाव्या काठावर, खारफुटीच्या मुळांपुढे, चिखलात मगर पडली होती. आधी मला तो ओंडकाच वाटला. दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यासारखा जबडा सताड उघडा टाकून ती ऊन खात होती. बोट आपोआप तिच्या दिशेनं सरकत होती. नाखव्यानं ओठांवर बोट ठेवलं होतं ते काढलंच नाही. आवाज झाला तर ती पाण्यात जाईल, आणि आपण ज्यासाठी आलो ते जाईल, असं त्यानं आधीच बजावलं होतं. माझं अर्धं वाक्य तसंच तोंडात.

मी मगरीकडे बघतच नव्हतो. लेकीकडे बघत होतो. ती लहान असताना रविवारी सकाळी मी तिला स्कूटरवर पुढे उभी करून गावातले पूल दाखवायला न्यायचो. लकडी पुलावर तिनं विचारलं, लाकूड कुठेय? मी म्हटलं, नाही आता. नव्या पुलावर गेलो, तिनं विचारलं, हा नवा आहे? मी म्हटलं, नाही, माझ्या वडिलांपेक्षाही जुना आहे. ती म्हणाली, "मग बाबा, सगळे पुलांबद्दल खोटं का बोलतात?" मी हे ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं, कौतुकानं.

आणि दुसरं एक आठवलं, जे मी कोणालाच सांगितलेलं नाही. ती तिसरीत असताना शाळेच्या गॅदरिंगला तिचा नाच होता. ती फोनवर म्हणाली, बाबा येणार ना? मी दौऱ्यावर होतो, कुठल्या तरी पुलाच्या टोकाशी रेंज धरून उभा. 'बघू' म्हणालो. फोनला खरखर होती, तिला ते लांब ऐकू गेलं असणार. मी एसटी बदलत बदलत वेळेत पोचलो. मागे, दाराजवळ उभं राहून पूर्ण नाच बघितला. बाकीच्या पोरी नाचता नाचता गर्दीत आपापले आईबाप शोधत होत्या. माझी लेक एकदाही वर बघत नव्हती. बाबा नाहीत हे तिनं धरूनच टाकलं होतं. नंतर मी पुढे जाऊन तिला उचललं, ती खूश झाली, सगळं छान झालं. पण तो तिचा खाली घातलेला चेहरा मी आजही विसरलेलो नाही. तेव्हाच मी सुधारायला हवं होतं. नाही सुधारलो. आणि आता ती त्याच चेहऱ्यानं बोटीच्या टोकाशी बसली होती.

मगरीनं जबडा मिटला, कंटाळल्यासारखी उठली आणि सावकाश पाण्यात गेली. तरी नाखव्यानं ओठांवरचं बोट काढलं नाही. दुसरी दिसतेय का ते बघत असावा. मग त्यानं इंजिन सुरू केलं, बोट फाट्यात वळवली, आणि निळं कापड सोडून नळ्या आडव्या पाडायला लागला. मुलगा मदतीला आला. बोलायची सोयच राहिली नाही. समोर दगडी पूल आला होता.

काय पूल होता. पाच कमानी, काळा दगड, घडाई अशी की सांध्यात पातं शिरणार नाही. कमानीच्या मधल्या दगडाला झिजून गुळगुळीतपणा आलेला. माझ्यासाठी म्हणून निवडलेला पूल. लेकीनं एकदा माझ्याकडे बघितलं. एवढं सगळं होऊनही, मला पूल आवडला का, हे ती बघत होती. मला एकदम भरून आलं.

"माना खाली," नाखवा म्हणाला. "पार खाली. भरती चढलीय."

आम्ही सगळे गुडघ्यांत डोकी घालून वाकलो. मी आणि व्याही समोरासमोर, आमची टाळकी जवळजवळ एकमेकांना टेकलेली. वर अंधार झाला. गारवा आला, ओल्या दगडाचा वास आला, कुठून तरी थेंब मानेवर पडला. पूल पाझरतोय, हे माझ्या मानेनं नोंदवलं. पण मी वर बघितलं नाही. आजवर एकाही पुलाखालून मी वर न बघता गेलेलो नाही. या वेळी मी व्याह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, वीतभर अंतरावरून.

'हो' पुन्हा 'तूर्त' होऊनच बाहेर आलं असतं, याची मला खात्री होती. तो शब्द माझ्या वापरातलाच नव्हता. म्हणून मी त्यांच्याकडचं 'हो' घेतलं.

"हाव," मी म्हणालो.

कमानीखाली तो शब्द एवढा मोठा झाला की मीच दचकलो. पुढून मागून दगडांनी तो परत दिला.

"काय म्हणाले?" व्याह्यांनी वाकल्या वाकल्या विचारलं.

"हाव. पक्कं. तुमचा मुलगा मला पहिल्या दिवसापासून पसंत आहे. तूर्त नाही, कायमचा. माझी पोर एकुलती एक आहे, आणि ती तुमच्या घरात सुखी राहील अशी माझी खात्री आहे. हे मी लिहून द्यायला तयार आहे."

एवढं लांब वाक्य मी आयुष्यात कोणाच्या बाजूनं बोललो नव्हतो. माझ्या शेजारी ही पदरानं डोळे पुसत होती आणि त्यातून मला म्हणाली, "लिहून कशाला, ऐकलं सगळ्यांनी. पुलानंही ऐकलं."

उजेड आला. आम्ही माना वर केल्या. मुलगा चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसत होता, बराच वेळ पुसत होता. दोघांमधली हातभर जागा कुठे गेली होती कोण जाणे. विहीणबाईंनी वाकून बाकाखालची पिशवी ओढली, डबा मांडीवर घेतला, पण नॅपकिनाची गाठ सोडली नाही. नवऱ्याकडे बघत बसल्या. शब्द त्यांच्याकडून यायचा होता, आणि ते घाई करत नव्हते.

व्याह्यांनी रुमालानं मान पुसली. मागे वळून पुलाकडे एकदा नीट बघितलं. मग पूर्ण माझ्याकडे वळले आणि अगदी गंभीर चेहरा करून म्हणाले, "बघू."

आखूड होतं. पुण्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाचं, तोडून टाकलेलं. मला क्षणभर कळलंच नाही. हिलाही नाही. पण लेकीला कळलं. ती बोटीच्या टोकावरून उठली, आमच्या पायांमधून वाट काढत मागे आली, पिशवीपाशी खाली बसली आणि वाट्या काढायला लागली.